ड्रम लेव्हलचे दोन ट्रान्समीटर, दोन वेगळे आकडे: दोष कोणात आहे हे चालू बॉयलरवर कसे ठरवावे?

बॉयलरघर

नमस्कार. मी एका सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पात इन्स्ट्रुमेंट विभाग सांभाळतो. बॉयलर ताशी ७० टन वाफेचा, ६७ किलो दाबाचा, बगॅसवर चालणारा आहे. मागच्या गळीत हंगामात एका रात्रपाळीत जे घडले त्याबद्दल आमच्याकडे अजून एकमत नाही, म्हणून ते तपशिलाने मांडतो.

ड्रमच्या (पाणी आणि वाफ वेगळी होतात त्या टाकीच्या) पातळीला दोन डीपी ट्रान्समीटर, म्हणजे दाबातील फरकावरून पातळी मोजणारी मापके, आहेत. त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. दोघांची रेंज ६०० मिलिमीटर आहे आणि नियंत्रण ‘अ’वर चालते. रात्री दोनच्या सुमारास ‘अ’ ५० टक्क्यांवर स्थिर होता आणि ‘ब’ हळूहळू उतरत वीस मिनिटांत ३८ च्या आसपास आला. ऑपरेटरने नोंदवहीत लिहिले, “ब चुकीचा दाखवतो, सकाळी पाहणे.” त्याचे तसे वाटणे मला चुकीचे म्हणता येत नाही, कारण आदल्या हंगामात ‘ब’ची इम्पल्स लाइन (ड्रमपासून ट्रान्समीटरपर्यंत दाब आणणारी बारीक नळी) खरोखरच चोक झाली होती आणि तेव्हापासून त्याच्यावर कोणाचा विश्वास नव्हता. आणखी वीस मिनिटांनी बॉयलर अटेंडंटचा फोन आला, की गेज ग्लासमध्ये (ड्रमची पातळी थेट दाखवणाऱ्या काचेत) पाणी अगदी तळाला दिसते आहे. तोपर्यंत ‘ब’ २३ वर होता. नियंत्रणाचा लूप मॅन्युअलला (हाताने चालवायला) घेऊन, भार कमी करून, फीड (ड्रममध्ये जाणारे पाणी) बेताने वाढवले आणि पातळी सावरली. नुकसान काही झाले नाही.

सकाळी पाहिले तर ‘अ’च्या मॅनिफोल्डचा इक्वलायझिंग व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्समीटरच्या दोन बाजू एकमेकींना जोडणारा व्हॉल्व्ह, बंद असूनही किंचित पास होत (गळत) होता. रेफरन्स लेगमधले (तुलनेसाठी कायम भरलेल्या नळीतले) पाणी त्यातून पलीकडे झिरपत होते, दाबातील फरक कमी होत होता आणि ट्रान्समीटर पातळी चढत असल्याचे सांगत होता. कंट्रोलरने त्यावर विश्वास ठेवून फीड व्हॉल्व्ह थोडा थोडा बंद केला, त्यामुळे पडद्यावर ५० आणि ड्रममध्ये त्याहून कितीतरी कमी, असे झाले. लो लेव्हलची ट्रिपसुद्धा (पातळी फार उतरली की बॉयलर आपोआप बंद करणारी) ‘अ’वरूनच घेतलेली होती, म्हणजे ती कधीच आली नसती. हे मला आजही अस्वस्थ करते.

ट्रेंड काढल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. आमच्याकडे ब्लोडाउनमुळे (क्षार काढण्यासाठी ड्रममधून सोडल्या जाणाऱ्या पाण्यामुळे) फीडचा आकडा वाफेच्या आकड्यापेक्षा नेहमी ताशी दीड टनाने जास्त असतो. त्या चाळीस मिनिटांत तो अर्ध्या टनाने कमी होता. फीड एका पडद्यावर आणि वाफ दुसऱ्या पडद्यावर असल्याने ते कोणाच्या लक्षात आले नाही. हा फरक सतत काढून त्यावर अलार्म लावला असता तर दोष वेळेत कळला असता का? आणि दोन ट्रान्समीटर भांडत असताना कोणता खरा हे ठरवण्याची खात्रीची रीत कोणती? ड्रमचा व्यास १.४ मीटर आणि लांबी ८ मीटर आहे.

ताळेबंद

आपण दिलेली मापे फार उपयोगाची आहेत, कारण त्यांवरून हा प्रश्न कागदावर सोडवून पाहता येतो.

मध्यावर ड्रमच्या पाण्याचा पृष्ठभाग सुमारे ११.२ चौरस मीटर होतो. १०० मिलिमीटर पातळी म्हणजे १.१२ घनमीटर, आणि त्या दाबाला उकळत्या पाण्याची घनता सुमारे ७४५ किलो प्रति घनमीटर असल्याने, पाण्याखालच्या वाफेच्या बुडबुड्यांचा हिशेब बाजूला ठेवला तर, साधारण ८३० किलो पाणी. आपल्याकडचा फरक अधिक दीडवरून उणे अर्ध्यावर गेला, म्हणजे तूट ताशी २ टनांची. या वेगाने १०० मिलिमीटर उतरायला २५ मिनिटे लागतात आणि ४० मिनिटांत पातळी १६० मिलिमीटर उतरते. ६०० च्या रेंजमध्ये हे २७ टक्के होतात, म्हणजे ५० वरून २३. ‘ब’ने जे दाखवले ते पाण्याच्या हिशेबाशी तंतोतंत जुळते. त्या रात्री हा गुणाकार कोणी केला असता, तर ट्रान्समीटर न उघडताच ‘ब’ निर्दोष ठरला असता.

मात्र या रीतीची मर्यादाही याच आकड्यांत आहे आणि ती मी मुद्दाम पुढे ठेवतो. मापक सरकत असेल तेवढा वेळच फीड आणि वाफ यांत फरक पडतो. मापक सरकायचे थांबले की कंट्रोलर खालच्या खऱ्या पातळीवर नवा समतोल साधतो, फीड पुन्हा वाफेच्या दीड टन वर येते आणि सगळे पूर्ववत दिसू लागते. चूक तशीच राहते, तिचा पुरावा मात्र पुसला जातो. हीच १६० मिलिमीटरची चूक आठ तासांच्या पाळीत पसरली असती, तर फरक ताशी १७० किलोंचा, म्हणजे ६८ टनांच्या वाफेत पाव टक्का असता. तो कोणत्याही ओरिफिसच्या फ्लो मीटरला दिसणार नाही.

म्हणून नुसत्या फरकावर अलार्म लावू नये. नेहमीचा दीड टन वजा करून उरलेला फरक साठवत जावा. १९५४ साली ई. एस. पेज यांनी मांडलेली संचयी बेरजेची रीत हेच करते: प्रत्येक क्षणाची छोटी चूक विसरत नाही, तिची बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की सांगते. ब्लोडाउन बदलला की तो ‘नेहमीचा दीड टन’ही बदलतो, त्यामुळे ब्लोडाउनच्या व्हॉल्व्हची स्थिती हिशेबात घ्यावीच लागेल, नाहीतर आठवडाभरात ऑपरेटर हा अलार्म बंद करून टाकतील आणि त्यांना दोष देता येणार नाही.

पॅनेलरूम

मी आता निवृत्त आहे, पण रिफायनरीत तीस वर्षे नियंत्रण कक्षात काढली. वाफ आणि फीड वेगवेगळ्या पडद्यांवर होते हे वाक्य वाचताना मला अमेरिकेतल्या टेक्सास सिटीचा स्फोट आठवला.

२३ मार्च २००५ रोजी तिथल्या रिफायनरीत सुमारे ५२ मीटर उंचीचा एक मनोरा सुरू करताना त्यात द्रव जवळजवळ तीन तास भरला जात होता आणि बाहेर काहीच काढले जात नव्हते. पातळीचे मापक मनोऱ्याच्या फक्त तळाचा भाग मोजणारे होते आणि त्याचे कॅलिब्रेशन चुकीचे होते. द्रव सुमारे ४८ मीटरवर पोचला तेव्हा ते अडीच मीटरहून कमी, आणि तेही हळूहळू उतरत असलेली पातळी दाखवत होते. वरच्या पातळीचा स्वतंत्र अलार्म वाजला नाही. आत किती जाते आणि बाहेर किती येते हे दोन वेगळ्या पडद्यांवर होते आणि त्यांची वजाबाकी कुठेच नव्हती. १५ माणसे गेली, १८० जखमी झाली. चौकशीत हा वजाबाकीचा मुद्दा स्पष्टपणे आलेला आहे.

आपल्या बाबतीत मला ट्रान्समीटरच्या दोषापेक्षा ट्रिपची जोडणी जास्त गंभीर वाटते. ज्या मापकावर नियंत्रण चालते त्याच मापकावर रक्षण ठेवले, की मापकाच्या एका दोषाने संकटही निर्माण होते आणि संकटाची सूचनाही बंद होते. दोष शोधण्याच्या सगळ्या हुशार पद्धती याच्या नंतर. उद्या पहिले काम काय करावे असे विचाराल, तर ट्रिप ‘अ’वरून काढा.

बॉयलरघर

दोघांचेही मनापासून आभार. ट्रिपबद्दल व्यवस्थापनाला लेखी कळवले आहे.

ताळेबंद यांनी हिशेबाने ‘ब’ निर्दोष ठरवला, पण त्या हिशेबात फीड आणि वाफ यांची मापके बरोबर आहेत असे आपण गृहीत धरले. उद्या वाफेचे फ्लो मीटरच बिघडले तर आपण निर्दोष ट्रान्समीटरला दोषी ठरवू. तिथे काय करावे?

ताळेबंद

हाच खरा प्रश्न आहे. काहीतरी बिघडले आहे हे कळणे आणि नेमके काय बिघडले आहे हे कळणे, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दुसरी पायरी चढण्यासाठी प्रत्येक दोषाची खूण इतर दोषांच्या खुणेपेक्षा वेगळी असावी लागते.

आपल्याकडे तीन तपासण्या मांडता येतात. पहिली, ‘अ’ आणि ‘ब’ यांतला फरक. दुसरी, पाण्याच्या हिशेबाने निघणारा पातळीचा बदल आणि ‘अ’ने दाखवलेला बदल यांतला फरक. तिसरी, तीच तुलना ‘ब’शी. आता ‘अ’ बिघडला तर पहिली आणि दुसरी बोलते, तिसरी गप्प राहते. ‘ब’ बिघडला तर पहिली आणि तिसरी बोलते, दुसरी गप्प. फ्लो मीटर बिघडले तर दोन्ही ट्रान्समीटर एकमेकांशी जुळतात, म्हणून पहिली गप्प राहते आणि दुसरी व तिसरी एकदम बोलतात. म्हणजे आपली भीती इथे लागू होत नाही. फ्लो मीटरच्या दोषाचा आळ ट्रान्समीटरवर येणार नाही. एका वेळी एकच दोष असतो हे गृहीत मात्र यात आहे. त्या रात्रीची नोंद पाहा: पहिली आणि दुसरी बोलत होती, तिसरी गप्प होती.

या तिघींना जे वेगळे करता येत नाही ते असे. फीडचे मीटर जास्त दाखवू लागणे, वाफेचे मीटर कमी दाखवू लागणे आणि ट्यूब फुटून पाणी भट्टीत जाणे, या तिन्हींची खूण एकच येते: आत गेलेले पाणी हिशेबात सापडत नाही. यातला तिसरा दोष इतका वेगळा आणि इतका धोकादायक आहे, की त्याला मीटरच्या दोषात मिसळू देणे परवडणारे नाही. त्यासाठी आणखी साक्षीदार लागतात. टर्बाइनचे मेगावॅट आणि वाफ यांचे प्रमाण बिघडले तर संशय वाफेच्या मीटरवर. फीड व्हॉल्व्हची उघडीप आणि त्यावरचा दाबफरक यांवरून येणारे फीड आणि मीटरचे फीड जुळले नाही तर संशय फीडच्या मीटरवर. दोन्ही जुळत असतील आणि तरीही पाणी सापडत नसेल, तर ट्यूब. कागदी गिरणीत असताना मी यात डीएम मेक-अपचा (बाहेरून भर घालावे लागणाऱ्या शुद्ध पाण्याचा) आकडा धरत असे, पण साखर कारखान्यात प्रक्रियेतून परतणाऱ्या कंडेन्सेटचे (वाफेच्या झालेल्या पाण्याचे) प्रमाण इतके बदलते, की तो आकडा इथे कितपत टिकेल हे आपणच सांगू शकाल.

विदाप्रवाह

मी प्रक्रिया उद्योगांच्या विदेवर (डेटावर) काम करते. एकेक समीकरण हाताने मांडण्याऐवजी बॉयलरचे शे-दीडशे सिग्नल एकत्र घेऊन प्रधान घटक विश्लेषण वापरता येईल. निरोगी काळातील नोंदींवरून सिग्नल एकमेकांबरोबर कसे हलतात हे शिकायचे आणि नवी नोंद त्या नात्यांपासून किती दूर पडते ते मोजायचे. आपल्या प्रसंगात ‘अ’ आणि ‘ब’ यांचे नाते तुटले, फीड आणि वाफेचे नाते तुटले. मॉडेलने पाच-दहा मिनिटांत इशारा दिला असता. भौतिकीचे समीकरण माहीत नसलेल्या ठिकाणीही ही रीत चालते, हे तिचे मोठे बळ आहे.

पाळीप्रमुख

विदाप्रवाह ताई, इशारा मिळेल हे मान्य. पण रात्री दोन वाजता पॅनेलवर बसलेल्या माणसाला “काहीतरी वेगळे आहे” एवढे कळून पुरत नाही. अशी एक प्रणाली आमच्या रासायनिक कारखान्यात दीड वर्ष चालली. ती दोष दाखवताना वीस सिग्नलांची यादी देत असे, आणि खरा दोषी बहुधा यादीत पाचवा-सहावा असे. पहिले चार त्याच्या दोषामुळे हललेले असत. शेवटी आम्ही ती फक्त अभियंत्यांच्या पडद्यावर ठेवली.

शिवाय बंद लूपचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावे लागते. कंट्रोलरचे कामच असे, की ज्या आकड्याकडे आपण पाहतो तो सेट पॉइंटवर (ठरवून दिलेल्या आकड्यावर) धरून ठेवायचा. त्यामुळे दोष त्या आकड्यातून हटतो आणि व्हॉल्व्हच्या उघडीपीत जाऊन बसतो. मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो, की पातळीचा ट्रेंड सरळ असेल तर त्याखाली आउटपुटचा (कंट्रोलरने व्हॉल्व्हला दिलेल्या आदेशाचा) ट्रेंड लावा आणि मगच बोला. त्या रात्री ‘अ’ची रेघ सरळ होती. आउटपुट मात्र उतरले असणार.

व्हॉल्व्ह अडकण्याचेही असेच. ग्लँड (दांड्याभोवतीची गळती रोखणारी आवळणी) जास्त आवळला की स्टेम (व्हॉल्व्हचा दांडा) अडकते, आउटपुट वाढत राहते, मग व्हॉल्व्ह एकदम उडी मारतो. फ्लो लूपमध्ये आउटपुट करवतीच्या दात्यांसारखे आणि प्रवाह पायऱ्यांसारखा दिसला, तर माझा पहिला संशय व्हॉल्व्हवर असतो. खात्रीसाठी, प्रक्रियेला चालत असेल तर, लूप मॅन्युअलला घ्यावा. हेलकावे थांबले तर मूळ याच लूपमध्ये आहे, चालूच राहिले तर ते दुसरीकडून येत आहेत. एवढी स्वस्त आणि इतकी निर्णायक चाचणी मला दुसरी माहीत नाही.

विदाप्रवाह

पाळीप्रमुख यांचा आक्षेप खरा आहे आणि त्याचे कारणही माहीत आहे. एका सिग्नलचा दोष मॉडेलच्या गणितातून इतर सिग्नलांच्या वाट्यावर (बिघाडात कोणाचा किती वाटा, या आकड्यावर) पसरतो, त्यामुळे वाट्यांचा क्रम दोषीचा क्रम ठरत नाही.

बंद लूपच्या मुद्द्यालाही आमच्या क्षेत्रातले जुने उदाहरण आहे. डाउन्स आणि व्होगेल यांनी १९९३ मध्ये टेनेसी ईस्टमन ही प्रक्रिया अभ्यासासाठी प्रसिद्ध केली. त्यात ४१ मापने, १२ हाताळता येणारी चले आणि ठरवून दिलेले दोष आहेत. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक नवी पद्धत तिच्यावर तपासली जाते. त्यांतले तिसरा, नववा आणि पंधरावा हे तीन दोष बहुतेक पद्धतींना नीट सापडत नाहीत. पंधरावा दोष म्हणजे कंडेन्सरच्या थंड पाण्याचा व्हॉल्व्ह अडकणे. नियंत्रण त्याचा परिणाम इतका पुसून टाकते, की मापनांत नेहमीच्या खडखडाटापलीकडे (मापनातल्या सततच्या बारीक चढउतारापलीकडे) फारसे काही उरत नाही.

म्हणून मी माझा प्रस्ताव बदलते. ताळेबंद यांच्या तीन तपासण्या मुख्य ठेवाव्यात. विदेचे काम त्यांना पूरक असावे: भार, ब्लोडाउन आणि बगॅसचा ओलावा बदलला की प्रत्येक तपासणीचा ‘नेहमीचा’ आकडा किती बदलतो, हे मागच्या हंगामांच्या नोंदींवरून शिकणे. हंगामाच्या पहिल्या पंधरवड्याच्या नोंदी मात्र निरोगी म्हणून धरू नयेत.

टाकीविभाग

मी पेट्रोलियम साठवण केंद्रात आहे. न हलणाऱ्या आकड्याबद्दल थोडे सांगतो, कारण इथे सरकणाऱ्या मापकावर चर्चा झाली, गोठलेल्या मापकावर झाली नाही.

११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमध्ये बन्सफील्ड येथे ९१२ क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल भरले जात असताना पहाटे तीनच्या सुमारास मापकाची रेघ सरळ झाली. भरणे चालूच होते. साडेपाचनंतर टाकी वाहू लागली आणि सहा वाजून एक मिनिटाने स्फोट झाला. चाळीसहून अधिक लोक जखमी झाले. रविवारची पहाट होती म्हणून कोणी दगावले नाही. ते मापक ३१ ऑगस्टपासून त्या दिवसापर्यंत १४ वेळा अडकले होते. दर वेळी ते तात्पुरते सोडवले गेले आणि दोष म्हणून नोंद प्रत्येक वेळी झालीच असे नाही. वरच्या पातळीचा स्वतंत्र स्विच होता, पण त्याच्या चाचणीच्या दांडीला लागणारे कुलूप बसवलेले नसल्याने तो निकामी होता.

४ ते २० मिलिअँपच्या ट्रान्समीटरमध्ये ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेलेला प्रवाह दोष समजतात. त्यातून तुटलेली तार कळते, मेलेला ट्रान्समीटर कळतो. १२ मिलिअँपवर गोठलेला ट्रान्समीटर त्यातून कळत नाही. त्यासाठी खडखडाट पाहावा लागतो. उकळत्या ड्रमची पातळी कधीच पूर्ण स्थिर नसते. दहा मिनिटांतला चढउतार नेहमीपेक्षा फारच कमी झाला तर इम्पल्स लाइन चोक होत आहे असे मी धरतो. बॉयलरघर यांच्या ‘ब’चा आदल्या हंगामातला दोष याने दोन-चार दिवस आधी दिसला असता असे मला वाटते. त्या जुन्या नोंदी असतील तर पाहाव्यात.

बॉयलरघर

नोंदी पाहिल्या. टाकीविभाग यांचे म्हणणे बरोबर निघाले: ‘ब’ बंद पडण्यापूर्वी तीन दिवस त्याचा चढउतार ‘अ’च्या निम्म्याहून कमी झालेला होता. पाळीप्रमुख यांनी म्हटल्याप्रमाणे त्या रात्री आउटपुटही उतरलेले होते, चाळीस मिनिटांत जवळजवळ तीन टक्क्यांनी.

आतापर्यंत केले ते असे. लो लेव्हलची ट्रिप ‘ब’वर घेतली. फीड वजा वाफ हा आकडा ड्रमच्याच पडद्यावर, पातळीच्या खाली, ठळक आणला आणि त्याची संचयी बेरीज मागे चालू ठेवली. अलार्म अजून लावलेला नाही, आधी महिनाभर तिची चाल पाहायची आहे. ‘अ’ आणि ‘ब’ यांत पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर कोणालाही आपोआप खरे धरायचे नाही, अटेंडंटला गेज ग्लास ब्लो करून (झडप उघडून साफ करून) आकडा फोनवर सांगायला लावायचे, असा लेखी नियम केला. हे शेवटचे ऑपरेटरांनीच सुचवले. मेक-अपचा आकडा आमच्याकडे टिकत नाही, ताळेबंद यांची शंका खरी आहे; टर्बाइनचे मेगावॅट मात्र चांगले जुळतात.

पॅनेलरूम

उत्तम. एक विचारायचे राहिले. ‘अ’ आणि ‘ब’ यांचे टॅपिंग (ड्रमवरचे जोड) वेगळे आहे का? दोघांचा कंडेन्सेट पॉट (रेफरन्स लेग भरलेला ठेवणारे भांडे) एकच असेल आणि तोच रिकामा होऊ लागला, तर दोघे मिळून एकच चूक करतील. ताळेबंद यांची पहिली तपासणी गप्प राहील आणि आपण निर्दोष फ्लो मीटरमध्ये दोष शोधत बसाल. ट्रिप ‘ब’वर घेतल्याचा फायदाही तिथे संपेल.

बॉयलरघर

आजच दुपारी वर चढून पाहिले. मॅनिफोल्ड वेगळे आहेत, पॉट एकच आहे. ड्रॉइंगमध्ये दोन दाखवले आहेत.

ड्रमच्या दुसऱ्या टोकाला एक ब्लँक केलेला (बंद करून ठेवलेला) नोझल, म्हणजे जोडनळी, आहे. गळीत संपल्यावर तिथून स्वतंत्र पॉट घेऊन तिसरा ट्रान्समीटर बसवायचा आणि ट्रिप तिघांपैकी दोघांच्या मतावर न्यायची, असा प्रस्ताव केला आहे. त्यासाठी बॉयलर निरीक्षकांची लेखी परवानगी लागेल, तिचा अर्ज तयार होत आहे. तोपर्यंत प्रत्येक पाळीत तीनदा गेज ग्लासचा आकडा दोन्ही ट्रान्समीटरच्या आकड्यांशेजारी नोंदवहीत लिहिला जाईल. परवानगी मिळून काम झाल्यावर संचयी बेरजेचे महिन्याभराचे ट्रेंड इथेच टाकतो.

ताळेबंद

ट्रेंड टाकताना ब्लोडाउनच्या वेळाही सोबत द्याव्यात. आणि स्टार्ट-अपचे तास वेगळे ठेवा: दाब कमी असताना ड्रममधले पाणी जड असते, दाबफरक कमी येतो आणि ६७ किलोसाठी कॅलिब्रेट केलेले दोन्ही ट्रान्समीटर निर्दोष असूनही पातळी जास्त दाखवतात. त्या तासांत दाबानुसार घनतेची दुरुस्ती डीसीएसमध्ये (नियंत्रणाच्या संगणक प्रणालीत) आहे का, हे एकदा तपासावे.